अक्कलखाते

मूर्खपणाविषयी आजवर जे लिहिले गेले, त्यातले बहुतेक दुसऱ्याच्या मूर्खपणाविषयी आहे. गोष्टीतला मूर्ख शेजारच्या गावात राहतो, नाहीतर मागच्या पिढीत होऊन गेलेला असतो. तो दुसऱ्या धंद्यातला, दुसऱ्या पक्षाचा, दुसऱ्या पेठेतला असतो. विषयाचे नाव काढले की लेखक आणि वाचक लगेच एका बाकावर येऊन बसतात आणि मूर्खाला समोर उभे करतात. ही बैठक मोडावी एवढ्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे. मूर्खपणा म्हणजे अकलेची उणीव, ही आपली नेहमीची समजूत. मला ती पटत नाही. ज्या मूर्खपणाने माणसांचे आणि समाजांचे मोठे नुकसान केले, त्याच्या मुळाशी पाहिले तर अक्कल चांगली घाम गाळताना दिसते. काय हवे ते आधी ठरलेले असते. ते योग्य कसे, हे सिद्ध करण्याचे वकीलपत्र मागाहून अकलेकडे येते. आणि वकील जितका हुशार, तितका अशिलाचा घात मोठा.

अक्कल हा शब्द आपल्याकडे अरबीतून फारसीच्या वाटेने आला. अरबीत 'अक्ल' ज्या धातूपासून निघतो, त्याचा जुना अर्थ बांधणे असा आहे. उंट भलतीकडे जाऊ नये म्हणून त्याचा पाय दुमडून दोरीने बांधतात, ते बांधणे. रियाधच्या ओलाया भागात कचेऱ्यांतून बाहेर पडणाऱ्या सौदी पुरुषांच्या डोक्यावर रुमाल जागेवर धरून ठेवणारी काळी दुपदरी दोरी दिसते. तिचे नाव 'इकाल', आणि ती त्याच धातूची. उंटाच्या पायातली दोरी डोक्यावर चढली, अशी तिची कहाणी सांगतात. कहाणी खरी असो वा नसो, शब्दाची साक्ष पुरेशी आहे. अरबी मनाला अक्कल म्हणजे पाय आवरणारी गोष्ट वाटली. मराठीने शब्द घेतला आणि त्याचा संसार निराळा थाटला. आपल्याकडे अक्कल गहाण पडते, पाजळली जाते, तिचे तारे तुटतात, तिचा कांदा होतो. आणि पैसा बुडाला की तो 'अक्कलखाती' लिहिला जातो. हा शेवटचा शब्द मराठी दुकानदारीचा अस्सल नमुना आहे. रक्कम गेली खरी, पण तिच्या मोबदल्यात शहाणपण आले, असे धरून खतावणी जुळवायची. प्रश्न एवढाच की त्या खात्यावर खरोखर काही शिल्लक पडते का.

ओलायात या प्रश्नाला ताजा पुरावा आहे. ओलाया रस्ता आणि किंग फहद रस्ता यांच्यामधल्या पट्ट्यात २००० साली २६७ मीटरचा फैसलिया मनोरा उभा राहिला, २००२ साली ३०२ मीटरचे किंगडम सेंटर, आणि त्यांच्या आसपास बँका आणि दलालांची गर्दी. तेलाचा भाव चढत होता, पैसा परदेशातून घरी परतत होता. सौदी शेअरबाजाराचा निर्देशांक २००३ च्या अखेरीस साडेचार हजारांच्या आत होता; २००५ च्या अखेरीस तो १६,७०० च्या पुढे गेला आणि २५ फेब्रुवारी २००६ रोजी २०,६३४ वर पोहोचला. शेअरांचे भाव कंपन्यांच्या वार्षिक कमाईच्या चाळीसपटींहून वर गेले होते. व्यवहारांचा फार मोठा भाग किरकोळ गुंतवणूकदारांचा होता. बँकांच्या दालनांत भिंतीवरच्या पडद्यांपुढे सकाळपासून लोक बसत. पगारावर कर्ज काढून घेतलेले शेअर तारण ठेवून आणखी शेअर घेतले जात. मग घसरण सुरू झाली. वर्ष संपले तेव्हा निर्देशांक ७,९३३ वर होता. दहा महिन्यांत साठ टक्क्यांहून अधिक मूल्य गेले. मराठीत ज्याला लाखाचे बारा हजार करणे म्हणतात, ते इथे एका राष्ट्राच्या पातळीवर झाले. २०,६३४ या आकड्याच्या जवळपासही तो निर्देशांक त्यानंतर आलेला नाही.

यात मला आकड्यांपेक्षा अधिक बोलका वाटतो तो एक शब्द. आखाती अरबीत 'हामूर' म्हणजे एक मोठा, जाड ओठांचा मासा. आपल्या कोकणात त्याच्या भाईबंदांना हेकरू म्हणतात. सौदी बाजारात 'हवामीर', म्हणजे हामुरांचे अनेकवचन, हे नाव पडले ते भाव हवे तसे खेळवणाऱ्या बड्या सटोडियांना. गंमत अशी की हवामीर आहेत हे लहान गुंतवणूकदाराला ठाऊक होते. ते नाव सर्वांच्या तोंडी होते. बाजार स्वच्छ आहे असा त्याचा भाबडा समज नव्हताच; त्याचा हिशोब असा की मोठा मासा जिकडे वळेल तिकडे आपण वेळेवर वळू आणि जाळे पडण्याआधी निसटू. हा अडाण्याचा हिशोब नव्हे. त्यात निरीक्षण आहे, जोखमीची जाण आहे, दुसऱ्याच्या हेतूचा अंदाज आहे. चूक एकाच जागी होती: दालनात बसलेला प्रत्येक जण नेमका हाच हिशोब करत होता, आणि दार मात्र एकच होते. आपले शहाणपण आपल्याला एकट्यालाच सुचले आहे, ही समजूत मूर्खपणाच्या पोटात जवळजवळ नेहमी सापडते.

मुंबईने हा खेळ चौदा वर्षे आधी पाहिला होता. १९९१ च्या सुरुवातीला हजाराच्या आसपास असलेला सेन्सेक्स एप्रिल १९९२ मध्ये ४,४०० च्या पुढे गेला. एसीसी या सिमेंट कंपनीचा शेअर काहीशे रुपयांवरून नऊ हजारांच्या घरात चढला. या चढाईला कोणीही जुगार म्हणत नव्हते, कारण तिला एक सिद्धान्त जोडलेला होता. या चढाईमागचा दलाल हर्षद मेहता सांगत असे की, जुन्या कंपनीची किंमत तिच्या नफ्यावरून ठरवू नका. तसाच कारखाना आज नव्याने उभारायला किती खर्च येईल त्यावरून ठरवा. ऐकायला हे पटते. त्यात पदवीधराला भावेल इतके अर्थशास्त्र आहे आणि चाळीतल्या माणसाला समजेल इतका सोपेपणा. २३ एप्रिल १९९२ रोजी 'टाइम्स ऑफ इंडिया'त बातमी आली आणि या चढाईमागचा पैसा बँकांच्या रोखेव्यवहारांतल्या भगदाडांतून येत होता हे उघड झाले. पण सिद्धान्त नसता तर इतकी माणसे इतक्या निर्धास्तपणे आत शिरली नसती. केवळ हाव माणसाला अस्वस्थ करते. हावेला सिद्धान्त मिळाला की त्याला रात्री शांत झोप लागते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो सभ्य आक्षेप आहे. ही सगळी अर्धशिक्षितांची, अननुभवी लोकांची कहाणी आहे. ज्ञान वाढवा, मूर्खपणा कमी होईल. दुर्दैवाने पुरावा उलटा आहे. १७२० साली लंडनमध्ये साउथ सी कंपनीचा फुगा फुगला तेव्हा न्यूटनने आधी फायद्यात शेअर विकले होते. भाव आणखी चढताना पाहून तो पुन्हा आत शिरला आणि मोठी रक्कम गमावून बसला. गुरुत्वाकर्षणाचे गणित मांडणाऱ्याला इतकी साधी बेरीज येत नव्हती असे कोण म्हणेल? १९९८ साली अमेरिकेत लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट हा निधी कोसळला, तेव्हा त्याच्या भागीदारांत रॉबर्ट मर्टन आणि मायरन शोल्स होते. दोघांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळून वर्षही झाले नव्हते. समर्थ रामदासांना हे नीट ठाऊक होते. 'दासबोधा'च्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा आहे, हे मराठी माणसाला शाळेपासून माहीत असते. त्याच दशकाचा शेवटचा, दहावा समास पढतमूर्खाचा आहे, हे तितकेसे आठवत नाही. मधल्या समासांत उत्तम लक्षणे, भक्ती, सत्त्वगुण, सद्विद्या, विरक्ती असे सगळे येऊन जाते, आणि एवढी चढण चढून आलेल्या वाचकाला वरच्या पायरीवर पढतमूर्ख बसलेला भेटतो. ही मांडणी मला फार अर्थपूर्ण वाटते. साध्या मूर्खाला पुढे सुधारायला नऊ समास मिळतात. पढतमूर्खाच्या पुढे दशक संपतो. मार्च १९३७ मध्ये रॉबर्ट म्यूझिल या कादंबरीकाराने व्हिएन्नात मूर्खपणावर व्याख्यान दिले, तेव्हा त्यानेही असाच भेद केला होता: एक प्रामाणिक, मंद मूर्खपणा आणि दुसरा बुद्धिमान मूर्खपणा, जो अधिक घातक. वर्षभराने हिटलरचे सैन्य त्या शहरात आले आणि त्याचे स्वागत करणाऱ्यांत प्राध्यापकही होते.

अरबी परंपरेत या विषयावरचा मोठा ग्रंथ बगदादच्या इब्न अल-जौझीचा. इसवी सन १२०१ मध्ये वारलेल्या या हंबली विद्वानाने, प्रवचनकाराने, मूर्ख आणि गाफील लोकांच्या हकिकतींचे एक सबंध पुस्तक जमवले. हुशारांच्या हकिकतींचे वेगळे पुस्तकही त्याच्या नावावर आहे. मूर्खपणाची त्याने केलेली व्याख्या आजही सुधारावी असे मला वाटत नाही. तो म्हणतो, वेड्याचे उद्दिष्टही चुकलेले असते आणि वाटही; मूर्खाचे उद्दिष्ट बरोबर असते, वाट चुकलेली असते. रियाधच्या दालनात बसलेल्या माणसाला घर हवे होते, मुलीचे लग्न नीट व्हायला हवे होते. यात वेडगळ असे काही नाही. म्हणूनच मूर्खाला हसण्याआधी जरा थांबावे लागते. तो आपल्याच गावाला निघालेला असतो. आपण हे पुस्तक का लिहिले याची तीन कारणेही त्याने दिली आहेत. एक, मूर्खांच्या गोष्टी ऐकून शहाण्याला आपल्याला मिळालेल्या बुद्धीची किंमत कळावी. दोन, गाफीलपणापासून सावध राहता यावे. तीन, मनाला विरंगुळा मिळावा. तिसऱ्या कारणावर माझा आक्षेप नाही, प्रवचनकाराने ते कबूल केले याचा आनंदच आहे. पहिले मात्र मला सापळा वाटते. दुसऱ्याचा मूर्खपणा ऐकून स्वतःच्या बुद्धीबद्दल कृतज्ञ झालेला माणूस दुसरे कारण विसरतो. इब्न अल-जौझीलाही हे जाणवले असावे, कारण त्याने काझी, मुअज्जिन, शिक्षक यांच्या गोष्टींबरोबरच शहाण्या माणसांच्या हातून घडलेल्या मूर्ख कृत्यांना स्वतंत्र प्रकरण दिले.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. निकाल लागल्यावर शहाणे होणे सोपे, असे लोक म्हणतात, आणि बरोबर म्हणतात. सौदी अरबस्तानातच याचे उदाहरण आहे. १९३३ साली तेलाचा करार झाला आणि अमेरिकन कंपनी दम्मामला खोदू लागली. एकामागून एक विहिरींनी निराशा केली. कंपनीच्या वरिष्ठांना पैसा वाळूत जातो आहे असे वाटू लागले, आणि मॅक्स स्टाइनिके हा भूशास्त्रज्ञ मात्र आणखी खोल जा म्हणत राहिला. मार्च १९३८ मध्ये दम्मामची सातवी विहीर लागली. आज ओलायात जे काही उभे आहे ते अखेर तिच्यातून वर आले. सातवीही कोरडी निघाली असती तर स्टाइनिकेचे नाव मूर्खांच्या यादीत गेले असते का? मग मूर्खपणा म्हणजे नुसते फसलेले धाडस ठरते, आणि या पुस्तकाला अर्थ उरत नाही.

माझे उत्तर असे की फरक निकालात शोधू नये, प्रश्न कसा विचारला त्यात शोधावा. स्टाइनिके जमिनीला विचारत होता, आणि जमिनीला 'नाही' म्हणायची मुभा होती. प्रत्येक विहिरीतून निघालेला दगड काहीतरी सांगत होता. सातवी विहीर आधीच्या थरांच्या खाली गेली ती त्या सांगण्यावरून. २००६ च्या दालनात 'नाही' म्हणायची मुभा कशालाच नव्हती. भाव चढला तर घ्या, कारण चढतो आहे. पडला तर घ्या, कारण स्वस्त झाला आहे. कोणत्या बातमीने माझे मत बदलेल, या प्रश्नाला ज्याच्याजवळ उत्तर नाही, तो त्या क्षणापुरता मूर्खपणाच्या हद्दीत आहे, मग पुढे तो जिंको की हरो. जिंकलेले मूर्खही पुष्कळ असतात. ते भाषणे देतात.

पण नुसते विचारून भागत नाही, पाहायचे कुठे हेही कळावे लागते. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपतीच्या मूर्ती दूध पिऊ लागल्या. महाराष्ट्रात देवळांपुढे रांगा लागल्या आणि दुधाचा तुटवडा झाला. त्या दिवसाची थट्टा करताना आपण एक गोष्ट विसरतो: ती माणसे प्रयोग करत होती. चमचा सोंडेला लावला, दूध खरोखर नाहीसे झाले. डोळ्यांनी खोटे सांगितले नाही. पृष्ठताणाने दूध मूर्तीच्या अंगावर पातळ थरात ओढले जाऊन ओघळत होते. ते रंगीत करून पाहताच दिसले. पांढऱ्या संगमरवरावर पांढरे दूध दिसत नव्हते, आणि सगळ्यांची नजर चमच्यावर होती, गाभाऱ्याच्या ओल्या फरशीकडे कोणाची नव्हती. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते तेव्हा लोकांना खाली बघा म्हणत होते. लोक वर बघत होते, कारण जे हवे ते वर होते.

काही गोष्टी मी या विषयाबाहेर ठेवल्या आहेत, आणि त्यांची फारकत करणे मला महत्त्वाचे वाटते. रत्नागिरी-रायगडचा एखादा तरुण शेत गहाण टाकून 'आझाद व्हिसा' घेतो आणि रियाधला उतरल्यावर त्याला कळते की कागदावरचा मालक काम देणारा नाही आणि बाहेर काम करणे कायद्यात बसत नाही. २०१३ मध्ये निताकत या सौदी नोकरभरतीच्या नियमांच्या कडक अंमलबजावणीत अशा कितीतरी जणांना गाशा गुंडाळावा लागला. अशा तरुणाला मूर्ख म्हणणे मला अन्यायाचे वाटते. खरी माहिती त्याच्यापासून मुद्दाम दडवलेली होती. तो फसवला गेला. मूर्खपणात माहिती समोर असते आणि आपणच तिच्यावर पांघरूण घालतो. दुसऱ्या टोकाला तेराव्या शतकातले रिद्धपूरचे गोविंदप्रभू आहेत. मुलांबरोबर खेळणारे, कोणाच्याही घरात शिरणारे, शिवाशिव न मानणारे हे राऊळ गावाला वेडे वाटले; महानुभावांनी त्यांना ईश्वर मानले आणि त्यांच्या लीळा लिहून ठेवल्या. अरबीतही हारून अल-रशीदच्या काळातल्या बहलूलच्या गोष्टी आहेत, शहाण्या वेड्यांवर स्वतंत्र ग्रंथ आहे. समाज ज्याला वेडा म्हणतो तो पुष्कळदा फक्त रांगेबाहेरचा असतो. आपल्या विषयातला मूर्ख बहुधा रांगेतच उभा सापडतो.

त्यामुळेच आधुनिक काळातली दोन प्रसिद्ध मते मला अपुरी वाटतात. कार्लो चिपोला या इटालियन अर्थेतिहासकाराने १९७६ साली मूर्खपणाचे नियम लिहिले. स्वतःचा फायदा नसताना दुसऱ्याचे नुकसान करणारा तो मूर्ख, आणि अशांचे प्रमाण हमालांत असते तेवढेच नोबेल विजेत्यांत. हे वाचताना हसू येते आणि नोबेलचा मुद्दा तर आपल्या बाजूचाच. पण चिपोलाच्या जगात मूर्ख ही जन्मजात जमात आहे, केसांच्या रंगासारखी; वाचक अर्थातच त्या जमातीबाहेर. डनिंग आणि क्रूगर यांचा १९९९ चा निबंध याहून गंभीर. ज्याला विषय येत नाही त्याला आपल्याला येत नाही हेही कळत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. तोंडाला लिंबाचा रस चोपडून कॅमेऱ्याला अदृश्य होऊ पाहणाऱ्या पिट्सबर्गच्या बँक-लुटारूपासून तो सुरू होतो. त्यांच्या आकड्यांच्या अर्थावरून संख्याशास्त्रज्ञांत वाद आहेत. पण मला त्या निबंधाचे पुढचे आयुष्य अधिक शिकवून जाते. त्याचे नाव घेऊन आज जो तो दुसऱ्याला मूर्ख ठरवतो. ज्या शोधाने माणसाला स्वतःविषयी शंका यायला हवी होती, तो शेजाऱ्याला मारायचा दगड झाला.

आता खात्याकडे परत. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपली म्हण सांगते. ठेच लागते हे खरे. मागच्याविषयी शंका आहे. १९९२ नंतर नऊ वर्षांनी, २००१ मध्ये, मुंबईत संगणक कंपन्यांच्या शेअरांचा फुगा त्याच रीतीने फुटला. त्याच्याही आधी, नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात, खुद्द हर्षद मेहता वृत्तपत्रांतून शेअरबाजाराचा सल्ला देत होता आणि लोक तो वाचून खरेदी करत होते. रियाधमध्ये घसरण सुरू झाल्यावर बोटे हवामिरांकडे वळली, मग नियामकाकडे, कारण त्याने रोजच्या चढउताराची मर्यादा दहा टक्क्यांवरून पाच केली होती. ती पुन्हा दहा झाली, मार्चमध्ये तिथे राहणाऱ्या परदेशीयांनाही बाजारात थेट प्रवेश दिला गेला, मे महिन्यात भांडवली बाजार प्राधिकरणाचा अध्यक्ष बदलला. या तक्रारींत तथ्य नव्हते असे नाही. हवामीर खरे होते, नियामकही चुकला असेल. पण प्रत्येक नोंद दुसऱ्याच्या खात्यावर गेल्याने ज्याचे पैसे गेले त्याचे अक्कलखाते कोरेच राहिले. नुकसान आपोआप शिकवत नाही. ते आपल्या नावे लिहावे लागते, आणि नेमके ते लिहायच्या वेळी तोच हुशार वकील पुन्हा उठून उभा राहतो.

पुढच्या प्रकरणांचा क्रम 'दासबोधा'च्या दुसऱ्या दशकावरून घेतला आहे: आरंभी साधे मूर्ख, शेवटी शिकलेले, आणि मूर्खपणावर ग्रंथ लिहिणारे अर्थातच शेवटच्या प्रकरणात. सर्वांत अखेरीस दोन कोरी पाने सोडली आहेत. मुद्रकाला ती चूक वाटली आणि त्याने विचारणा केली, म्हणून इथे नोंदवतो की ती मुद्दाम ठेवली आहेत. जमा आणि नावे असे रकाने आखून दिले आहेत. खातेदाराच्या नावाची ओळ तेवढी रिकामी आहे.

ओलाया, रियाध